ताकदीचे दोन वार

2004 साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा एक फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघेही अंगाने बेताचे. उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा बीएमआयचा आकडाही दोघांचा तंतोतंत एकच, 22.3. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्याकडे ती 9.1 टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्याकडे 21.2 टक्के. फोटोसोबतच्या छोट्याशा टिपणात दोघांच्या सवयीही नोंदवल्या होत्या. युडकिन मॅरेथॉन धावत. याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयातल्या लिफ्टचे दार मिटायच्या आत धावत जाऊन ती गाठणे. याज्ञिकांचे जन्मवेळचे वजन कमी होते, हेही त्यात सांगितले होते. दोघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हा प्रकार 'वाय-वाय विरोधाभास' म्हणून ओळखला जाऊ लागला.

याज्ञिकांच्या गटाने या फोटोच्या आधी आणि नंतरही याच प्रश्नाचा पाठपुरावा केला. पुण्याच्या आसपासच्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांची तुलना त्यांनी इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. आपली बाळे सरासरी 2.7 किलोची, तिकडची 3.5 किलोची. हा फरक सगळ्या अवयवांत सारखा विभागलेला नव्हता. स्नायू आणि पोटातले अवयव बरेच लहान होते, चरबी मात्र त्या मानाने राखलेली होती. म्हणजे बारीक दिसणारी पण स्नायूंनी गरीब अशी ठेवण आपल्याकडे पाळण्यापासूनच सुरू होते.

महाराष्ट्रातल्या कुणीही व्यायामाचा आठवडा आखायला घेतला, तर त्याने हा फोटो आधी नजरेसमोर आणावा. जेवणानंतर रक्तात येणारी साखर उचलून साठवण्याचे काम मोठ्या प्रमाणात स्नायू करतात. ती कोठारेच लहान असतील तर साखर रक्तात रेंगाळते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने भारतातल्या मधुमेहींची संख्या 10 कोटींच्या वर असल्याचे दाखवले. यामागे कारणे अनेक आहेत, पण त्यातले एक, स्नायूंचे दारिद्र्य, कोणत्याही वयात आणि फार थोड्या खर्चात कमी करता येते. त्याचा इलाज मात्र आपण करत नाही. आपण चालायला जातो.

चालणे उत्तमच. त्याच्या बाजूने पुरावा भक्कम आहे आणि जुनाही. जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरच्या माणसांचा अभ्यास केला. चालक दिवसभर बसून असायचा, वाहक दिवसाकाठी पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढायचा. पगार, वस्ती, खाणेपिणे दोघांचे साधारण सारखेच. तरी हृदयविकाराचे प्रमाण वाहकांत कितीतरी कमी. 1953 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि श्वास वाढवणाऱ्या हालचालीचा हृदयाशी संबंध शास्त्राच्या दप्तरात पक्का झाला. आज सकाळी टेकडीवर, मैदानावर, तलावाकाठी जी गर्दी दिसते ती या ज्ञानाचे दूरचे फळ आहे.

पण चालण्याने दंड, खांदे, पाठ यांना जवळजवळ काहीच मिळत नाही, आणि मांड्यांना मिळते तेही पहिल्या काही आठवड्यांपुरते. शरीराला सवय झाली की तेच अंतर त्याला नवे काही करायला भाग पाडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली प्रौढांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, त्यांत म्हणूनच दोन कलमे शेजारीशेजारी आहेत. पहिले कलम असे: आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम किंवा 75 ते 150 मिनिटे जोरकस हालचाल. दुसरे असे: शरीरातल्या सगळ्या मोठ्या स्नायूंना काम देणारा ताकदीचा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस. पहिले कलम वर्तमानपत्रांतून घरोघर पोहोचले. दुसरे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही क्वचितच दिसते. पहिल्या कलमाची स्थितीही फारशी बरी नाही. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये 2024 साली आलेल्या विश्लेषणानुसार भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत, आणि स्त्रियांत हे प्रमाण पुरुषांपेक्षा बरेच जास्त आहे.

या दोन्ही कलमांत मोजमापाचे एकक 'आठवडा' आहे, 'रोज' नव्हे. याकडे लक्ष द्यायला हवे, कारण 'रोज एक तास' अशा संकल्पाने सुरू होणारे बहुतेक बेत तिसऱ्या-चौथ्या खाड्यालाच गुंडाळले जातात. आठवड्याचा हिशेब लवचिक असतो. आज हुकले तर उद्या, उद्या नाही तर परवा. शिवाय ताकदीच्या बाबतीत तर स्नायूंच्या दुरुस्तीचे घड्याळच असे चालते की दोन सत्रांत अंतर पडलेले बरे.

ते घड्याळ कसे चालते हे अमेरिकेत टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन इथे 1997 साली झालेल्या एका छोट्या पण नेटक्या प्रयोगात दिसले. स्वयंसेवकांकडून जड व्यायाम करवून घेतल्यावर त्यांच्या स्नायूंत नवी प्रथिने किती वेगाने बांधली जातात ते मोजले गेले. तीन तासांनी हा वेग नेहमीच्या दुपटीहून अधिक होता, 24 तासांनी दीडपटीच्या वर, आणि 48 तासांनंतरही सुमारे एक तृतीयांशाने जास्त. म्हणजे मंगळवारी संध्याकाळी केलेल्या व्यायामाचे बांधकाम गुरुवारी संध्याकाळीही चालू असते, माणूस त्या वेळी ऑफिसात बसलेला असो की झोपलेला. शनिवारी ते थंडावलेले असते. त्याच स्नायूंना पुन्हा हाक देण्याची योग्य वेळ यावरून आपोआप ठरते: दोन ते चार दिवसांनी.

आता शहरातल्या एखाद्या जिमच्या भिंतीवरचा तक्ता पाहा. सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी खांदे, गुरुवारी दंड, शुक्रवारी पाय. ही वाटणी स्पर्धेत उतरणाऱ्या शरीरसौष्ठवपटूंकडून आली आहे. ते एकेका स्नायूवर एका बैठकीत पंधरा-वीस सेट करतात, त्यांचे खाणे-झोपणे त्याभोवतीच रचलेले असते. नोकरदार माणसाला या तक्त्याचे नुकसानच जास्त. प्रत्येक स्नायूची पाळी सात दिवसांनी एकदा येते, मधले चार दिवस तो नुसता पडून राहतो. आणि शुक्रवारी उशीर झाला, पाहुणे आले, की पायांचा व्यायाम थेट पुढच्या शुक्रवारी. शरीरातले सगळ्यांत मोठे स्नायू मांड्यांत आणि नितंबांत असतात, आणि खाड्याच्या शुक्रवारी बळी जातात ते नेमके तेच. पहिल्या वर्षा-दोन वर्षांत तरी साध्या माणसाने प्रत्येक सत्रात सगळे अंग घ्यावे. एक सत्र बुडाले तरी कुठलाच अवयव उपाशी राहत नाही.

ताकदीचा व्यायाम हे वैद्यकाचे साधन कसे झाले, ती कथाही सांगण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस शिकागोच्या गार्डिनर लष्करी रुग्णालयात मोडलेल्या मांड्या आणि जायबंदी गुडघे घेऊन आलेले शेकडो सैनिक महिनोन् महिने पडून होते. त्या काळचा रिवाज हलक्या वजनाने खूप वेळा व्यायाम करवण्याचा. पाय काही सुधारत नसत. तिथले तरुण डॉक्टर थॉमस डेलॉर्म किशोरवयात वाताच्या तापाने अंथरुणाला खिळले होते आणि वजने उचलूनच पुन्हा उभे राहिले होते. त्यांनी सैनिकांना जड वजन आणि मोजकी आवर्तने दिली, आणि जमेल तसे वजन वाढवत नेले. 1945 साली त्यांनी निष्कर्ष छापले. 1948 साली पद्धत आणखी सुटसुटीत केली. जास्तीत जास्त दहा वेळा उचलता येईल असे वजन शोधायचे. मग पहिला सेट त्याच्या निम्म्याने, दुसरा पाऊणपटीने, तिसरा पूर्ण वजनाने, प्रत्येक वेळी दहा. आज जगभरच्या व्यायामशाळांत दहाच्या तीन सेटची जी रीत रूढ आहे, तिची मुळे त्या इस्पितळाच्या वॉर्डात आहेत. डेलॉर्मची खरी देणगी मात्र आकड्यांत नाही, चढत्या भारात आहे. काम हळूहळू अवघड होत गेले पाहिजे. तसे झाले नाही तर शरीराला बदलायचे कारण उरत नाही.

इथे मराठी वाचकाच्या मनात एक रास्त शंका येईल. कोल्हापुरातल्या तालमींत पहिलवान रोज पहाटे जोर-बैठका मारतात, शेकड्यांनी मारतात, मग विश्रांतीच्या दिवसांचे हे शास्त्र त्यांना कसे लागू नाही?

लागू आहेच, फक्त वेगळ्या हिशेबाने. तालमीतला मल्ल पहाटेची मेहनत आणि हौद्यातली लढत झाली की थंडाई-दूध-बदामाचा खुराक घेतो आणि दुपारी झोपतो. संध्याकाळच्या मेहनतीपर्यंत त्याला दुसरे काम नसते. विश्रांती हा त्याच्या दिनक्रमाचा निम्मा भाग असतो आणि वस्तादाची नजर त्यावरही असते. शिवाय त्याचा रोजचा रगाडा वर्षानुवर्षे चढवत नेलेला असतो. पहिल्या दिवशी कुणी पाचशे बैठका मारत नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले, तेव्हा त्यामागे असेच लहानपणापासून रचत आणलेले बळ होते. आठ तास खुर्चीवर आणि दोन तास लोकलमध्ये घालवणाऱ्या माणसाने त्यांच्या बैठकांचा आकडा उचलला आणि बाकीचे जगणे तसेच ठेवले, तर पंधरा दिवसांत गुडघे बोलू लागतात.

तालमीतून उचलण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती आज फारशी कुणी उचलत नाही. जुन्या मराठी व्यायामपरंपरेत अंगाच्या सगळ्या दिशांची सोय होती. जोर म्हणजे ढकलणे. बैठक म्हणजे पायांवर भार घेणे. जोडी आणि करेला फिरवण्यात खांदे व मनगटे. गदा आणि नाल उचलण्यात पकड आणि कंबर. आणि स्वतःचे वजन हातांनी वर ओढण्यासाठी मल्लखांब. दुसऱ्या बाजीरावांचे व्यायामगुरू बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाला जे रूप दिले, त्यात ओढण्याची ताकद इतकी मुरलेली आहे की आजही दोरीवर चढणाऱ्या पोरांच्या पाठी पाहून ती ओळखू येते.

सूर्यनमस्कार घराघरात उरले, मल्लखांब उरला नाही. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतला, संस्थानातल्या शाळांत ते नेले आणि 1938 साली लंडनमधून त्यावरचे इंग्रजी पुस्तकही निघाले. त्यांच्या प्रसाराचे ऋण मोठे आहे. नमस्कारात ढकलणे आहे, वाकणे आहे, कण्याची लवचिकता आहे, आणि वेगाने घातले तर श्वासाचा व्यायामही आहे. पण ओढणे नाही, आणि भार वाढवण्याची सोयही नाही. बाराचे चोवीस आणि चोवीसाचे अठ्ठेचाळीस केले तरी दम वाढतो, ताकद एका मर्यादेपुढे जात नाही. म्हणून सूर्यनमस्कार घालणाऱ्यांनी ते जरूर चालू ठेवावेत, फक्त आठवड्याच्या वहीत ते ताकदीच्या दोन दिवसांची जागा भरतात असे समजू नये. त्या दोन दिवसांची उत्तम सुरुवात म्हणून सहा-आठ नमस्कार झकास.

आता प्रत्यक्ष आखणी. एक उदाहरण घेऊ: पुण्यात बँकेत नोकरी करणारी पंचेचाळिशीची स्त्री. मोठे आजार नाहीत, व्यायामाची सवय नाही, सकाळ डब्यांत जाते, संध्याकाळी सातनंतर तासभर मोकळा मिळू शकतो. गुरुवारी उपवास. तिने ताकदीचे वार मंगळवार आणि शुक्रवार ठेवावेत. मधले अंतर तीन आणि चार दिवसांचे पडते, उपवासाचा दिवस टळतो. मंगळवारी अंगारकी आली तर सत्र बुधवारी. सोमवार, बुधवार आणि गुरुवार पस्तीस मिनिटे भरभर चालायचे, म्हणजे इतके की बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही. रविवारी तासभर टेकडी. बेरीज 165 मिनिटे झाली. आरोग्य संघटनेची खालची मर्यादा ओलांडली. शनिवार मोकळा. कधी पस्तीस मिनिटे सलग मिळाली नाहीत तर पंधरा आणि वीस अशी तोडूनही चालतात. किमान दहा मिनिटे सलग हवीत ही जुनी अट 2020 साली काढून टाकण्यात आली.

मंगळवारचे सत्र पाच प्रकारांचे. पाच-सात मिनिटे अंग मोकळे केल्यावर पहिली बैठक, आणि तीही खुर्ची मागे ठेवून: खुर्चीला हलकेच टेकायचे आणि हात न लावता उठायचे. दुसरे जोर, पण जमिनीवर नाहीत. स्वयंपाकाच्या ओट्यावर हात टेकून. तिसरे ओढणे. दारात पक्का अडकवलेला रबरी बँड छातीकडे खेचायचा, किंवा एक हात टेबलावर टेकून दुसऱ्या हाताने भरलेली पिशवी कमरेपर्यंत ओढायची. चौथे वाकून उचलणे, ज्याला जिममध्ये डेडलिफ्ट म्हणतात. घरगुती गॅसच्या सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो आणि रिकाम्या टाकीचे वजनही साधारण तेवढेच. म्हणजे भरलेला सिलिंडर हलवणारी प्रत्येक बाई तीस किलोच्या आसपासचे वजन हाताळतच असते. कुणी शिकवलेले नसल्यामुळे ते कंबर वाकवून हाताळते, एवढेच. पाठ सरळ, गुडघे थोडे वाकलेले, नितंब मागे, वजन अंगाला चिकटून, अशी ढब आधी पाच किलोच्या कणकेच्या पिशवीवर बसवली की सिलिंडरला आणि एकूण कंबरेलाही तिचा उपयोग होतो. पाचवे, दोन हातांत दोन जड पिशव्या घेऊन ताठ चालणे.

शुक्रवारी हेच स्नायू, पण वेगळ्या कोनातून. जिन्याच्या पायरीवर एका पायाने चढणे-उतरणे, वजन डोक्याच्या वर ढकलणे, उंचावर अडकवलेला बँड खाली खेचणे, उताणे झोपून कंबर उचलणे, आणि कोपरांवर शरीर फळीसारखे धरून ठेवणे. प्रत्येक प्रकाराचे तीन सेट, सेटमध्ये आठ ते बारा वेळा, दोन सेटच्या मध्ये दीड मिनिट श्वास घ्यायला. पंधरा सेट पस्तीस मिनिटांत उरकतात, अंग मोकळे करण्यासह चाळीस. पहिले दोन आठवडे तीनऐवजी दोनच सेट करावेत, नाहीतर तिसऱ्या दिवशी जिना उतरवणार नाही. अंग दुखणे व्यायामानंतर एक ते तीन दिवसांत सर्वाधिक असते आणि आपोआप ओसरते. व्यायाम चांगला झाल्याची ती खूण नव्हे, सवय नसल्याची आहे. काही आठवड्यांनी तेच काम केल्यावर दुखत नाही आणि ताकद मात्र वाढत असते.

किती जड घ्यायचे, हा सगळ्यांत जास्त अडणारा प्रश्न. त्याचे उत्तर किलोत देता येत नाही. सेट संपवताना 'अजून दोन-तीन वेळा जमले असते' असे प्रामाणिकपणे वाटले पाहिजे. अजून दहा वेळा जमले असते तर वजन हलके आहे. शेवटच्या वेळी पाठ वाकडी झाली, श्वास कोंडला, तर जड आहे. आठपासून सुरुवात करून तिन्ही सेट बारापर्यंत पोहोचले की पुढच्या वेळी एक-दोन किलो वाढवायचे आणि पुन्हा आठवर यायचे. वजनाशिवायच्या प्रकारांत ढब अवघड करायची: ओट्यावरचे जोर पलंगाच्या कडेवर, मग जमिनीवर; खुर्चीवरची बैठक खुर्चीशिवाय, मग छातीशी पिशवी धरून.

हे सगळे लक्षात राहत नाही, म्हणून वही हवी. दहा रुपयांची चालते. तारीख, प्रकार, वजन, आवर्तने, बस. पहिल्या दीड-दोन महिन्यांत तीच एक गोष्ट उत्साह टिकवू शकते, कारण आरसा आणि वजनकाटा त्या काळात काहीच सांगत नाहीत. मोरितानी आणि डी-व्हरीस या संशोधकांनी 1979 साली दाखवून दिले की सुरुवातीच्या आठवड्यांत वाढणारी ताकद मुख्यतः मज्जासंस्थेची कमाई असते. स्नायू तेवढेच असतात, पण मेंदू त्यांतले अधिक तंतू एकाच वेळी कामाला लावायला शिकतो. जाडी वाढण्याचे काम मागाहून येते. ज्याच्याकडे वही नाही तो सहाव्या आठवड्याला 'काही फरक पडत नाही' म्हणून सोडून देतो. ज्याच्याकडे आहे त्याला ओट्यावरचे सहा जोर बारा झालेले दिसतात.

वजने उचलली तर अंग पुरुषी होईल ही भीती अजून अनेक मुलींना आणि त्यांच्या आयांना असते. ती निराधार आहे. तसे शरीर घडवायला वर्षानुवर्षे खास आहार, खास प्रशिक्षण आणि पुरुषी संप्रेरकांची पातळी लागते. खरा धोका उलट बाजूचा आहे. रजोनिवृत्तीनंतर हाडांची घनता वेगाने उतरते, आणि मग न्हाणीघरात पाय घसरला की मांडीचे हाड मोडते. ऑस्ट्रेलियात 'लिफ्टमोर' या नावाने झालेल्या आणि 2018 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, हाडे विरळ झालेल्या, सरासरी पासष्ट वर्षांच्या 101 स्त्रिया घेतल्या होत्या. निम्म्यांनी घरी हलका व्यायाम केला. बाकीच्यांनी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी फक्त अर्धा तास, खरोखरची जड वजने उचलली: डेडलिफ्ट, वजन घेऊन बैठका, डोक्यावर वजन ढकलणे, आणि उडी मारून जमिनीवर आदळण्याचा एक प्रकार. आठ महिन्यांनी दुसऱ्या गटाच्या कण्याच्या हाडांची घनता सुमारे 2.9 टक्क्यांनी वाढली होती. हलका व्यायाम करणाऱ्यांची 1.2 टक्क्यांनी घटली होती. याही प्रयोगात ताकदीचे वार दोनच होते, हे ध्यानात घ्यावे. आणि पासष्टी हे सुरुवातीला उशिराचे वय वाटत असेल, तर बॉस्टनमध्ये 1990 साली झालेला प्रयोग आहेच. वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त माणसांनी आठ आठवडे पायांचा जड व्यायाम केला आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी दुपटीच्याही पुढे गेली.

अर्थात काही जणांनी सुरुवात डॉक्टरांना विचारूनच करावी. चालताना छातीत दुखते किंवा धाप लागते असे लोक, रक्तदाब औषधांनीही आटोक्यात नसलेले, हर्निया असलेले, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, मधुमेहाचा डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झालेले. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी आणि व्यायामानंतर आकडा पाहावा. जोर लावताना श्वास कधीच कोंडायचा नाही. वजन उचलताना सोडायचा, खाली आणताना घ्यायचा.

आहाराबद्दल बाजारात इतका गोंगाट आहे की दोनच गोष्टी सांगितलेल्या बऱ्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रौढांसाठी प्रथिनांचे प्रमाण दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम सुचवले आहे. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला 1.2 ते 1.6 ग्रॅम उपयोगी पडते. साठ किलोच्या माणसाला म्हणजे सत्तर ते पंचाण्णव ग्रॅम. पोळी-भाजी-भाताच्या ताटात ते सहज बसत नाही. अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सात-आठ, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत पंचवीस. भाताची मूद लहान आणि उसळीची वाटी मोठी, दोन्ही जेवणांत दही किंवा ताक, आणि एखादे अंडे किंवा मूठभर दाणे, एवढ्याने बरेच काम भागते. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हा हिशेब डॉक्टरकडेच करावा. दुसरी गोष्ट झोप. स्नायूंच्या बांधकामाचे जे दोन दिवस वर सांगितले, त्यांतल्या दोन्ही रात्री सात तासांच्या हव्यात.

उरतो प्रश्न विस्कटलेल्या आठवड्यांचा, आणि आपल्याकडे असे आठवडे पुष्कळ. गणपतीचे दहा दिवस, दिवाळी, मुलांच्या परीक्षा, मार्चअखेर, कोकणातला पाऊस जेव्हा चालायला बाहेर पडू देत नाही तो जुलै. चालण्याच्या बाबतीत दिलासा ब्रिटनमधल्या सुमारे 90 हजार लोकांच्या नोंदींतून मिळतो. मनगटावर हालचाल मोजणारे यंत्र बांधून गोळा केलेल्या या माहितीचे विश्लेषण 2023 साली आले. आठवड्याच्या 150 मिनिटांतली निम्मी किंवा त्याहून अधिक एक-दोन दिवसांत उरकणाऱ्यांना आणि सगळ्या आठवड्यात पसरून करणाऱ्यांना हृदयविकारापासून मिळणारे संरक्षण जवळजवळ सारखेच दिसले. म्हणून बुधवार-गुरुवार वाहून गेले तर रविवारची टेकडी लांबवावी. ताकदीचे सत्र हुकले तर ते पुढे सरकवावे. पुढच्या वेळी दुप्पट करून भरपाई करायला जाऊ नये, दुखापती अशाच होतात.

टिकवण्यासाठी तर कमवण्यापेक्षा फारच थोडे लागते. अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅम इथल्या संशोधकांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना सोळा आठवडे आठवड्यातून तीनदा व्यायाम दिला. नंतर बत्तीस आठवडे काहींना पूर्ण थांबवले, काहींना मूळ व्यायामाचा तिसरा हिस्सा दिला आणि काहींना नववा हिस्सा: आठवड्यातून एक दिवस, प्रत्येक प्रकाराचा एक सेट. तरुणांनी त्या नवव्या हिश्श्यावरही ताकद आणि स्नायू दोन्ही राखले. साठीपुढच्यांची ताकद टिकली, स्नायूंची जाडी मात्र उतरू लागली. यातून बँकेतल्या त्या बाईंसाठी गणपतीच्या आठवड्याचा बेत असा निघतो: एकच सत्र, खुर्चीशिवाय बैठका, ओट्यावरचे जोर, बँड ओढणे आणि पिशवी उचलणे, प्रत्येकाचा एक सेट, वजन नेहमीचेच. पंधरा मिनिटांत होते, आरतीच्या आधीही. घरातल्या सासूबाई किंवा सासरे साठीच्या पुढचे असतील तर त्यांचे दोन वार मात्र सणातही राखावेत. खुर्चीवरून हात न लावता उठण्याचे दोन सेट त्यांच्यासाठी पाहुणे बसलेले असतानाही दिवाणखान्यात होऊ शकतात.